आजीचा टेकू

माझे भावोजी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी आधी खुर्ची पाहिली आणि मग ताईला. खुर्ची उलटी केली, पाय हलवून पाहिले, सुलटी केली, तिच्यावर हळूहळू पूर्ण भार टाकला आणि आईला म्हणाले, "हा मागचा पाय फार दिवस काढणार नाही." आईला वाटलं, मुलगा सुतारकाम करत असेल. पाय पुढे खरंच मोडला. पण तो भावोजींच्या त्या तपासणीमुळेच मोडला, असं माझं आजही ठाम मत आहे.

सुतार नव्हे, ते ॲल्युमिनियमच्या कारखान्यात चाचणी खोलीत होते. पुढे त्या खोलीचे प्रमुख झाले. मीही त्याच कारखान्यात पॅकिंगला लागले, त्यामुळे भावोजींचा घरचा आणि दारचा असे दोन्ही अवतार मला रोज बघायला मिळत. दोन्हीकडे माणूस तोच. कुठेही गेले की दिसेल त्या गोष्टीला लोंबकळून बघायचं. घरातली कपड्यांची दोरी, पडद्याची दांडी, शेजाऱ्यांचं फाटक, सगळ्यांना त्यांनी आपला भार दिलेला आहे. शेजारी त्यांना येताना बघून फाटक आधीच उघडून ठेवत.

कारखान्यात होतात त्या मिश्रधातूच्या सळ्या आणि नळ्या. नुसतं ॲल्युमिनियम फार मऊ. त्यात चिमूटभर तांबं, चिमूटभर मॅग्नेशियम घालायचं, तापवायचं, पाण्यात बुडवायचं, परत बेतानं शेकायचं, की ते कणखर होतं. पण हा कणखरपणा शेकून आलेला, त्यामुळे जास्त शेकला की उतरूनही जातो. गार असताना ज्या सळीला दोन माणसं लटकली तरी ढिम्म हलत नाही, तीच सळी सतत तापत राहिली तर त्याहून कमी ओझ्यानं लांबायला लागते. मोडत नाही, आवाज करत नाही, केसभर केसभर लांबत राहते आणि मग एक दिवस तुटते.

"मोडतं ते परवडलं, निदान कळतं," भावोजी जेवताना सांगायचे. "गुपचूप लांबतं त्याचा काही भरवसा नाही."

ताई समोर बसून पाय चोळत असायची. ती पावाच्या बेकरीत भट्टीसमोर उभी राहून काम करायची. सकाळी घातलेली चप्पल संध्याकाळी पायातून निघता निघायची नाही, इतके पाय सुजायचे. भावोजींना केसभर लांबलेली सळी पलीकडच्या भिंतीपाशी उभं राहून दिसायची. समोरच्या पाटावरचे हे पाय काही दिसले नाहीत.

तर कारखान्यानं एक नवी मिश्रधातू काढली आणि तिची एक सळी भावोजींच्या खोलीत चाचणीला लागली. चाचणी म्हणजे काय, तर छोट्या उभ्या भट्टीत सळी टांगायची, वरून एका तरफेनं तिला ओढ द्यायची, तरफेच्या दुसऱ्या टोकाला पारडं, पारड्यात वजनं. सळी लांबली की पारडं तेवढं खाली येतं आणि घड्याळासारख्या गोल तबकडीवर काटा सरकतो. मग बसा बघत. महिना, वर्ष, जितकं टिकेल तितकं. असलं काम करायला माणूस एक तर फार चिवट लागतो, नाही तर त्याला घरी जायची घाई नसावी लागते. भावोजींच्यात दोन्ही गुण होते.

पहिलं वर्ष सळी शहाण्यासारखी केसभर केसभर लांबली. भावोजी काटा वाचून हळहळायचे. मग एके दिवशी काटा थांबला. भावोजींनी काचेवर टिचकी मारली. दुसऱ्या दिवशीही काटा तिथेच. आठवडा गेला, महिना गेला, काटा हलेना. भावोजी घरी आले ते गाणं गुणगुणत. लग्नानंतर त्यांना गाताना मी तेव्हाच ऐकलं, आणि आधी का गात नव्हते तेही कळलं.

"तिला सवय झाली," ते म्हणाले. "तिनं उष्णता पचवली. ओझं पचवलं. जगात असं कुठे झालेलं नाही!"

जगात का झालं नसेल, हा प्रश्न कारखान्यात कुणालाच पडला नाही. उलट सगळ्यांना त्या सळीचा लळाच लागला. इतकी वर्षं लटकतेय म्हणून कुणीतरी तिला 'आजी' म्हणालं आणि तेच नाव पडलं. सकाळी फाटकातून आत येणारा माणूस आधी विचारायचा, "आजी कशी आहे?" आणि रखवालदार सांगायचा, "ठणठणीत." मोठे साहेब, म्हणजे आमचे सर्वेसर्वा, पाहुणे घेऊन यायचे. आजीच्या पारड्यासमोर त्यांनी एक भली मोठी पाटी उभी करवली: 'अजूनही लटकतेय! आमची धातू, आमचा शब्द.' पाहुणे पाटीसमोर उभे राहून फोटो काढायचे. पाटी एवढी मोठी होती की मागचं पारडं कुणाला दिसायचं नाही. पण पारडं बघायला आलं होतं कोण!

भावोजींचा रुबाब काय सांगावा. नाकावर माशी बसू देईनात. निवृत्ती जवळ आली होती, आणि मोठ्या साहेबांनी बेत असा आखला होता की निरोप समारंभाच्या दिवशीच भावोजींनी आजीच्या प्रमाणपत्रावर सही करायची. त्या सहीवर पहिली ऑर्डर जाणार होती ती बेकरीला. कुठल्या? ताईच्याच. तिथे भट्टीच्या तोंडावर छतापासून टांगलेली लोखंडी मांडणी होती, भरलेले ट्रे ठेवायला. ती गंजली होती आणि बेकरीवाल्याला हलकी, न गंजणारी मांडणी हवी होती. भावोजींनी स्वतः जाऊन आमची धातू सुचवली होती.

"माझ्या सळ्यांच्या खाली उभी राहशील आता," ते ताईला ऐटीत म्हणाले.

"सळ्यांच्या खाली नाही हो, ट्रेच्या खाली," ताई म्हणाली. "पडले तर ट्रे पडतील डोक्यात."

"पडतील कसे? आजी पडली का?"

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी पॅकिंगमधली शेगडी बिघडली. जेवणाचा डबा गार म्हणजे माझं डोकं गरम. मला आठवलं, चाचणी खोलीतली भट्टी कायम पेटलेली असते. मी डबा नेऊन तिच्या माथ्यावर ठेवला आणि भावोजींशी गप्पा मारत बसले. भाषणात काय बोलायचं ते त्यांनी मला म्हणून दाखवलं, आणि ते बरंच लांब होतं. ते संपल्यावर मी डबा उघडला. आमटी जशीच्या तशी गार.

"भावोजी, तुमची आजी गार पडलीय."

"शुभ बोल," ते म्हणाले आणि भिंतीवरच्या तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवलं. "बघ. तापमान बरोबर."

"काटा बरोबर आहे. आमटी गार आहे. तुमच्या काट्यात कालवून खाऊ का भाकरी?"

त्यांनी भट्टीवर तळहात ठेवला. ठेवलाच. गरम भट्टीवर माणूस हात असा ठेवून उभा राहत नाही. त्यांचा चेहरा उतरला तसा मी कधीच उतरलेला पाहिला नव्हता, आणि खरं सांगते, मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली. मग ते पाटीपाशी गेले. दोघांनी मिळून पाटी बाजूला ओढली. पारड्याखाली एक चांगला जाडजूड लाकडी ठोकळा होता आणि पारडं त्याच्यावर निवांत बसलेलं होतं.

झाडणाऱ्या मावशींना बोलावलं. त्या पदर खोचतच आल्या. "मीच ठेवलाय की! झाडताना त्या पारड्याला झाडू लागायचा, म्हातारीला हिसका बसायचा. म्हटलं जरा टेकू असू दे. किती दिवस लोंबकळायचं माणसानं?"

"मावशी, ती माणूस नाही!"

"मग आजी कशाला म्हणता?" मावशींनी विचारलं.

वायरमनला बोलावलं तर तो आधी काहीच कबूल होईना. मग हळूच म्हणाला, पहिल्याच वर्षी भट्टी तापवणाऱ्या तारेचं वेटोळं सारखं जळायला लागलं, बदलून बदलून जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून उष्णता मोजणारी तार त्यानं सळीपासून काढून थेट पेटत्या वेटोळ्याला चिकटवली होती. वेटोळं जेवढं तापेल तेवढं काट्यावर दिसायचं आणि आत आजी कोमट. "पण काटा कधी चुकला का सांगा साहेब?" त्याचा सूर दुखावलेला होता. तेवढ्यात स्टोअरकीपर डोकावला आणि काय चाललंय ते कळल्यावर म्हणाला, पारड्यातलं एक वजन त्याच्याकडे आहे, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलंय, आणि तसंही आजीला ते जडच होत होतं. प्रत्येकाला वाटत होतं की आजीची काळजी घेणारा कारखान्यात तो एकटाच. सगळ्यांचे चेहरे कसे मायेनं भरलेले. मला हसू आवरेना, आणि भावोजींकडे बघून हसताही येईना.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "काटा इतकी वर्षं हलला नाही, तुम्हाला कधी शंका आली नाही?"

त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. "आली होती," ते म्हणाले. "पाटीमागे बघावंसं वाटलं होतं. पण तोवर फोटो निघायला लागले होते."

भावोजी तडक मोठ्या साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाईट बातमी शांतपणे ऐकणं ही त्यांची खासियत होती, कारण ते ती ऐकतच नसत. "हे बघा," ते म्हणाले, "सळी तुटली आहे का? नाही. लटकते आहे का? आहे. मग अडचण काय आहे? उद्या सही करा आणि आनंदानं घरी जा. पाहुण्यांना सांगून झालंय."

संध्याकाळी मीही ताईकडे गेले. भावोजींनी तिला सगळं सांगितलं, ठोकळ्यासकट. पुढे ते म्हणाले की तसं पाहिलं तर ही धातू वाईट नाही, कदाचित टिकेलही, आणि सही नाही केली तर इतक्या वर्षांच्या नोकरीचा शेवट फजितीत होईल, लोक तोंडावर हसतील. ताई पाय चोळायची थांबली.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली. "मी त्या मांडणीखाली उभी राहू की नको?"

भावोजी उत्तर द्यायला लागले. त्यात तापमान आलं, ओझं आलं, अंदाज आला.

"हो की नाही?"

ते उठून बाहेर गेले आणि शेजाऱ्यांच्या फाटकापाशी उभे राहिले. फाटकाला हातही लावला नाही. ताई म्हणाली, "आज जास्तच लागलंय त्यांना."

दुसऱ्या दिवशी चाचणी खोलीत खुर्च्या मांडल्या. फुलं, चहा, बिस्किटं. बेकरीवाला आला, ताईही भावोजींची बायको म्हणून पुढच्या रांगेत बसली. मोठे साहेब आजीवर बोलले, धातूवर बोलले, स्वतःवर जरा जास्त बोलले. मग भावोजींना पेन दिलं. भावोजींनी पेन खिशात घातलं, पाटी ओढून बाजूला केली आणि वाकून तो ठोकळा दोन्ही हातांनी पारड्याखालून ओढून काढला.

मावशींच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. वायरमन मान खाली घालून पुढे झाला आणि त्यानं मोजणारी तार परत सळीला लावली. त्याला भावोजींनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. स्टोअरकीपरनं वजन आणून पारड्यात ठेवलं आणि त्याचं दार कुठेतरी धाडकन आपटलं. "ही इतकी वर्षं आरामात होती," भावोजी म्हणाले. "तिची चाचणी आता सुरू झाली. मी सही करू शकत नाही."

सगळे सळीकडे बघत राहिले.

काही झालं नाही. होणार कसं? ही धातू लांबते ती केसभर केसभर, महिन्यांच्या हिशेबानं, आणि भट्टीला तापायलाही वेळ लागतो. चहा आला. लोकांनी चहा घेतला आणि परत बघितलं. आजी ठणठणीत. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

"बघितलंत?" मोठे साहेब बेकरीवाल्याला म्हणाले. "आधार काढला, पूर्ण ओझं दिलं, तरी जागची हलली नाही! याहून मोठी चाचणी कुठली?" आणि भावोजींच्या खांद्यावर हात ठेवून, "साहेब भावुक झालेत. आमचे नवे प्रमुख सही करतील."

एवढी वर्षं खोटं बोलून जे कमावलं नव्हतं ते भावोजींनी एकदा खरं बोलून कंपनीला मिळवून दिलं. मी संतापानं बिस्किटाचा भुगा केला. निरोपाची भेट म्हणून त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी खुर्चीवर ठेवलं आणि ठोकळा काखेत मारून ते फाटकाबाहेर पडले. रखवालदारानं विचारलं, "हे काय साहेब?" ते म्हणाले, "माझं निवृत्तीवेतन."

पुढे रोज सकाळी ते फाटकापाशी येऊन उभे राहायचे. आत सोडत नसत. मी चाचणी खोलीत डोकावून तबकडी वाचायची आणि येऊन सांगायची. "हलला काटा." "आणखी हलला." ऐकून ते खूश व्हायचे. सळी बिघडतेय म्हणून खूश होणारा चाचणी खोलीचा प्रमुख मी तेव्हाच पाहिला. नव्या प्रमुखांनी सही करायचं रोज उद्यावर टाकलं, कारण काटा त्यांनाही दिसत होता आणि नोकरी त्यांनाही प्यारी होती.

आणि एका सकाळी पॅकिंगमध्ये आम्हाला धाडकन आवाज आला. पळत गेलो तर पारडं जमिनीवर, वजनं इकडेतिकडे पसरलेली, आणि सळीचं अर्धं वर, अर्धं खाली. मावशी रडल्या. कुणीतरी टोपी काढली. मोठ्या साहेबांनी त्याच दिवशी चौकशी समिती नेमली.

समितीनं फार बारकाईनं काम केलं. अहवालात म्हटलं होतं की सळीची प्रकृती अनेक वर्षं उत्तम होती. माजी प्रमुखांनी तिचा आधार काढून घेतला आणि तिला उष्णता व ओझं दिलं, त्यामुळे ती तुटली. धातूत कसलाही दोष नाही. प्रमाणपत्र द्यायला हरकत नाही, फक्त खाली एक सूचना असावी: 'या धातूच्या वस्तू आगीजवळ वापरू नयेत व त्यांवर वजन ठेवू नये.' नव्या प्रमुखांनी या कागदावर आनंदानं सही केली.

बेकरीवाल्यानं प्रमाणपत्र वाचलं, सूचना वाचली, वर भट्टीकडे पाहिलं, ट्रेंकडे पाहिलं. मग त्यानं कारखान्याला फोन करून विचारलं, "मग ही मांडणी मी लावू कुठे, बागेत?" आणि नवी लोखंडी मांडणी मागवली.

त्या संध्याकाळी ताईनं हे सगळं हसत हसत सांगितलं. भावोजी हसले नाहीत. ते तिच्या पायांकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे असे कधीपासून सुजतात?"

"झाली की वर्षं," ताई म्हणाली. "हळूहळूच सुजत गेले."

त्यांचा चेहरा तसाच उतरला, गार भट्टीवर हात ठेवला होता तेव्हासारखा. "आणि मी रोज इथेच बसायचो," ते म्हणाले. तेव्हा मात्र मलाही काही चिमटा काढावासा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी ते बेकरीत गेले. मीही सुटी घेऊन सोबत गेले, कारण हे बघायचं राहिलं असतं तर मला चैन पडलं नसतं. त्यांनी काखेतला ठोकळा काढला आणि भट्टीसमोर, ताई उभी राहायची तिथे, ठेवला. उंची अगदी बसण्याजोगी होती. बेकरीवाला म्हणाला, "इथे बसून काम करायची पद्धत नाही." भावोजी म्हणाले, "मग मी समोर उभा राहतो आणि मांडणीला लोंबकळून बघतो." बेकरीवाल्यानं एकदा गंजलेल्या जुन्या मांडणीकडे पाहिलं, एकदा भावोजींच्या अंगाकडे पाहिलं आणि तो पीठ मोजायला निघून गेला.

ताई ठोकळ्याकडे बघत उभीच होती. "मोडणार नाही ना?"

"कारखान्यात खरं तपासलेलं हे एकच आहे," भावोजी म्हणाले. "इतकी वर्षं सगळं ओझं यानंच घेतलं. तापेल तितकं तापू दे, रोज संध्याकाळी मी येऊन बघेन." त्यांनी खिशातून तेच पेन काढलं, ठोकळा उलटा केला आणि खाली आपली पूर्ण सही केली.

मग ताई बसली.